नाव गोंडांचे, निर्णय कोणाचा?

18 सप्टेंबर 1857 रोजी जबलपुरात इंग्रजांनी गोंड राजे शंकर शाह आणि त्यांचा मुलगा रघुनाथ शाह यांना तोफेच्या तोंडी दिले. आज त्यांच्या पुतळ्यांना हार पडतात, 2024मध्ये संग्रहालयही झाले. शहराचे विद्यापीठ राणी दुर्गावतीच्या नावाने आहे, भोपाळचे हबीबगंज स्थानक राणी कमलापतीच्या. नावे देताना कोणी हात आखडत नाही.

प्रश्न जमिनीचा आला की मात्र भाषा बदलते. जबलपूरजवळच्या बर्गी धरणाने जबलपूर, मंडला आणि सिवनीतली 162 गावे बाधित केली, त्यांत गोंड मोठ्या संख्येने. त्या धरणात जमीन गमावलेल्या मंडल्यातल्या चुटका गावी आता अणुवीज प्रकल्प आणायचा आहे. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. 2013मध्ये जनसुनावणी दोनदा रद्द करावी लागली. 2014मध्ये ती पोलीस बंदोबस्तात उरकली. मंडला पाचव्या अनुसूचीत आहे, तिथे पेसा लागू आहे. पण 1996च्या पेसात भूसंपादनाआधी ग्रामसभेशी फक्त 'विचारविनिमय' करायचा आहे. संमतीची अट यायला 2013चा भूसंपादन कायदा उजाडला. आणि पेसाचे नियम करायला मध्य प्रदेशाला 26 वर्षे लागली!

कॅनडातल्या मोहॉक लोकांच्या परंपरेत कुळातल्या ज्येष्ठ स्त्रिया प्रमुख निवडतात, चुकला तर पायउतारही करतात. सरकारने 'इंडियन ॲक्ट'खाली निवडणुकीची परिषद लादली आणि मान्यता तिलाच दिली. गावाचा आवाज कोणता, हे वरून ठरवण्याची रीत तिकडचीही हीच.

आपल्यातले काहीजण विचारतील, बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948ला घटना समितीत खेड्याचे वाभाडे काढले होते, मग ग्रामसभेचे कौतुक कशाला? शंका रास्त आहे. बायकांचा, दलित घरांचा आवाज ग्रामसभेतही दबतो. पण बाबासाहेबांचा रोख अस्पृश्यांना वेशीबाहेर ठेवणाऱ्या गावावर होता. आणि पाचवी अनुसूची त्याच संविधानात आहे. ग्रामसभेतल्या अन्यायाचा जाब तिथल्या बायका आणि दलित विचारतील. प्रकल्पवाल्यांना तो बहाणा मिळू नये.

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला 2009मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचे पुस्तक हाती यायला 2011 उजाडले. तोवर वनखात्याच्या लेखी बांबू म्हणजे लाकूड, म्हणजे खात्याचा. (वनस्पतिशास्त्रात ते गवत आहे.) गावाने हक्क मिळवला तो कायदा वाचून, अभ्यासगट चालवून आणि सर्वांच्या सहमतीने निर्णय घेऊन.

घरातला पहिला पदवीधर हे काम करू शकतो. ठरावाची वही पंचायत सचिवाकडे असते. तिची प्रत मागा, तारीख आणि सह्या तपासा. येत्या 18 सप्टेंबरला हार घेऊन येणाऱ्या नेत्याला विचारा: चुटक्याच्या ग्रामसभेचा ठराव तुमचा पक्ष मानतो की नाही?