गवतातला ताप कुणाच्या खाती?

पावसाळा ओसरू लागला की कापणी, निंदणी, झाडोरा तोडणे ही कामे जोरात सुरू होतात. त्याच सुमारास देशाच्या अनेक भागांत एक ताप डोके वर काढतो. त्याचे नाव स्क्रब टायफस. गोचिडाच्या कुळातल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या चिगर माइटची पिल्ले गवतातून अंगावर चढतात आणि चावताना रोगजंतू सोडतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर या तापाने सैनिकांना हैराण केले. आज तो गवत कापणाऱ्या बाईच्या, चहामळ्यातील कामगाराच्या, रस्त्याकडेची झुडपे साफ करणाऱ्या कंत्राटी मजुराच्या वाट्याला येतो.

काखेत, जांघेत, कमरेशी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली ही त्याची खूण. ती प्रत्येकाला उठत नाही. उठली तरी दुखत नाही. मजूर स्त्री ती परक्या डॉक्टरला दाखवण्यास संकोचते, आणि डॉक्टरही टायफॉइड म्हणून सलाईन लावून मोकळे होतात. नावातले हे साम्य घातक आहे. टायफॉइडवरची सेफट्रायक्झोनसारखी इंजेक्शने येथे निरुपयोगी ठरतात. डॉक्सिसायक्लिनच्या स्वस्त गोळ्या वेळेवर मिळाल्या तर बहुतेक रोगी दोन-तीन दिवसांत सावरतात. उशीर झाला की फुफ्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांवर घाला पडतो. २०१८ साली नागपूर व विदर्भात या रोगाने माणसे दगावली.

हा कामावरचा रोग मानायचा की नाही? आमच्या मते मानलाच पाहिजे. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात संसर्गजन्य रोगांना जागा होती. सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. पण तेथे या रोगाचे नाव नाही. संसर्गाचा विशेष धोका असलेले काम, एवढाच आधार. तो धोका सिद्ध करायचा कुणी? चावा आणि ताप यांत आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर ठेका संपतो, मजूर गावी परततो, आणि हजेरीपटावर नाव असले तर असले!

म्हणून शाखांनी या हंगामात हजेरीची नक्कल हाती ठेवावी, दवाखान्याच्या कागदावर रोगाबरोबर कामाचे ठिकाण व तारखा लिहून घ्याव्यात, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्या आहेत की नाहीत याची चौकशी करावी. गमबूट, पूर्ण बाह्यांचे कपडे, काम सुटल्यावर अंग धुण्यास साबण-पाणी या मागण्या मागणीपत्राच्या पहिल्या पानावर याव्यात. बोनसच्या कलमाखाली दडपू नयेत.