नोटपॅडमध्ये गेम उघडणारी पोरं

परभणी जिल्ह्यातल्या वालूर आणि आसपासच्या गावांतून माझ्या सेवा केंद्रात दुरुस्तीला येणारे लॅपटॉप बहुतेक सेकंडहँड असतात. कुणाला पुण्यात कंपनीत असलेल्या भावाने दिलेला, कुणी परभणीहून घेतलेला. वेगळं ग्राफिक्स कार्ड जवळपास कुणाकडेच नसतं. प्रोसेसरमध्येच जे काही असतं त्यावर भागवायचं आणि त्यालाही रॅममधूनच वाटा द्यायचा. अशा मशीनवर नवा गेम टाकला की तो अडकतो. मग पोरगं रात्री गेमची सेटिंगची फाइल नोटपॅडमध्ये उघडून बसतं आणि घरच्यांना वाटतं, हे वाया चाललं.

मला तसं वाटत नाही. ज्या पोराने गेमची ही सेटिंगची, म्हणजे आयएनआय, फाइल उघडून एक ओळ बदलली आणि त्याने काय फरक पडला ते डोळ्यांनी पाहिलं, त्याने बारावीपर्यंतच्या संगणकाच्या तासांना जेवढं शिकवलं जातं त्याहून जास्त शिकून घेतलं.

पीक विम्याच्या फॉर्मसाठी आलेले एक शेतकरी मुलाला सोबत घेऊन आले होते. पोरगं अकरावीला, सेलूच्या कॉलेजात. "सर, ह्याला सांगा जरा. रातभर त्या डब्ब्यात खुडबूड करायलाय." मी पोराला म्हटलं, काय करायलास ते दाखव. त्याने 'राजी' उघडला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला, 2020 साली आलेला हा गेम. आपल्याकडच्या देवादिकांच्या कथांवर उभा आहे आणि अनरियल इंजिन 4 वर बांधलेला आहे. या इंजिनावरचे गेम विंडोजमध्ये आपल्या सेटिंग सहसा अ‍ॅपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात ठेवतात. ते फोल्डर दिसतं कसं करायचं, हे त्याने स्वतः शोधलं होतं.

फाइलमध्ये एकाखाली एक ओळी होत्या: रिझोल्यूशन, सावल्या, टेक्श्चर, झाडझाडोरा, इफेक्ट. प्रत्येकीपुढे एक आकडा. त्याने सगळ्याच ओळींना शून्य करून टाकलं होतं. गेम पळत होता, पण भिंतींवरचं कोरीव काम पार पुसून गेलं होतं.

तिथे मी खुर्ची ओढून बसलो. सावली आधी घे, म्हटलं. आपल्या गावच्या चक्राकार बारवेत दुपारी उतरलास तर कुठल्या पायरीवर ऊन आणि कुठल्या पायरीवर सावली हे तुला नुसतं दिसतं. संगणकाला ते दिसत नाही. त्याला ते सगळं दृश्य सूर्याच्या जागेवरून पुन्हा एकदा काढावं लागतं, आणि कुठे ऊन पोचलं नाही त्याचा नकाशा करावा लागतो. तो नकाशा 2048 बाय 2048 चा असेल तर त्यात 41,94,304 ठिपके. 1024 वर आणला तर 10,48,576, म्हणजे काम चौथाईवर. टेक्श्चरचं, म्हणजे भिंतींवर चढवलेल्या नक्षीचं, तसं नाही. मेमरी पुरत असेल तर त्याने वेग फारसा कमी होत नाही, म्हणून ते सरसकट शून्यावर नेण्यात तोटाच आहे. धूसरपणाचे इफेक्ट मात्र बंद करायचे: हलताना येणारा, लांबच्या वस्तूंवरचा, कडांना रंग फुटल्यासारखा दिसणारा. ते गेले की चित्र उलट स्वच्छ होतं आणि मशीनचा भारही उतरतो.

टेक्श्चर परत वर नेलं, सावल्या एकवर ठेवल्या. नक्षी परत आली. पोरगं वहीत आकडे मांडत बसलं: सेकंदाला 30 चित्रं हवी असतील तर एका चित्राला 33 मिलिसेकंद मिळतात, 60 हवी असतील तर 16 च्या जरा वर. वडील बाजूला उभे राहून हे सगळं बघत होते. विम्याचा फॉर्म तोवर थांबला होता, पण त्यांनी घाई केली नाही.

मोबाइलवर मात्र हे शिक्षण बिघडतं. 2 सप्टेंबर 2020 ला भारतात बंदी येण्याआधी पबजी या गेमच्या काळात पोरं तयार सेटिंगची एक फाइल यूट्यूबवरून उतरवून टाकायची. त्यातल्या ओळी 'शून्य बी पाच सात' अशा झाकलेल्या अक्षरांनी सुरू व्हायच्या. त्याचा अर्थ फक्त 'आर' आणि टिंब, पण तो कुणालाच ठाऊक नसायचा. नक्कल करून चिकटवायचं, एवढंच. शिवाय तिथे समोर दुसरा खेळाडू असतो. गवत काढून टाकून लपलेला माणूस आपल्यालाच दिसावा, ही लबाडी आहे. त्यासाठी कंपनी खातं बंद करत असेल तर मी कंपनीच्या बाजूने आहे. पुढे अँड्रॉइड 11 ने गेमच्या फाइलींची फोल्डरंही बऱ्यापैकी कुलूपबंद केली.

पण एकट्याने खेळायच्या गेमला ते कुलूप का लावावं? तिथे कुणाचं नुकसान होत नाही, उलट फायदाच होऊ शकतो. 2012 मध्ये 'डार्क सोल्स' पीसीवर आला तेव्हा त्याचं आतलं चित्र 1024 बाय 720 वरच अडकवून ठेवलेलं होतं. 'ड्युरांटे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पीटर थोमान यांनी गेम आल्याच्या काही तासांतच त्यावर उपाय काढला आणि आकडे बदलायला एक साधी सेटिंगची फाइल सगळ्यांच्या हाती दिली. नंतर गेम कंपन्यांनीच त्यांना पीसी आवृत्त्यांच्या कामाला घेतलं.

पुण्यात आता गेम बनवणारी मंडळी वाढत आहेत. त्यांच्याकडे माझं मागणं आहे: एकट्याच्या गेममधली सेटिंगची फाइल उघडी, वाचता येईल अशी ठेवा, आणि प्रत्येक ओळीशेजारी ती काय करते ते मराठीत लिहा. गेम तपासताना एकदा आमच्याकडच्या मशीनवर तपासा: जुना प्रोसेसर, आठ जीबी रॅम, मे महिन्यातला परभणीचा उन्हाळा. त्या उन्हात पंखा पूर्ण वेगाने फिरत असतानाही प्रोसेसर गरम होऊन आपला वेग स्वतःच कमी करतो. सर्वांत कमी सेटिंगवरही जो गेम तिथे चालत नाही, तो अर्ध्या महाराष्ट्राला खेळता येत नाही.

शाळांकडेही मागणं आहे. संगणकाच्या तासाला पेंटमध्ये घर काढून घेता, त्यातला एक तास या फाइलला द्या.

माझ्या केंद्रात रविवारी दुपारी फॉर्मची गर्दी नसते. लॅपटॉप घेऊन येणाऱ्या पोरांना तेव्हा टेबल मोकळं असतं. अटी दोनच: मूळ फाइलची कॉपी आधी काढून ठेवायची, आणि एका वेळी एकच ओळ बदलून काय झालं ते वहीत लिहायचं.