सून चर्चला गेली, तर वाळीत अख्खं घर का?

गेले पंधरा दिवस आपल्या तालुक्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. एका वस्तीवरच्या सुनेने ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमध्ये स्नानसंस्कार घेतला, ती कॅथलिक झाली. खाली तिचा फोटो, शाळकरी पोराचाही फोटो, आणि वर मथळा : 'घरं फोडणारी टोळी तालुक्यात सक्रिय'. मला स्वतःला हा मेसेज अकरा जणांनी पाठवला. त्या अकरापैकी एकही जण त्या घरी जाऊन आलेला नव्हता. मी जाऊन आलो. नवऱ्याशी बोललो, सासूशी बोललो, तिच्या माहेरी भावांशी बोललो, फादरांशीही बोललो. नाव-गाव लिहीत नाही, कारण त्या घराचा तमाशा आधीच पुरेसा झालाय. पण जे दिसलं ते लिहिणार. कुणाला राग आला तर येऊ द्या.

पहिली गोष्ट, घर फुटलेलं नाही. नवरा-बायको एकाच घरात राहतात. नवरा हिंदू आहे, हिंदूच राहणार म्हणतो. सासूचं देवघर जागच्या जागी आहे, खंडोबाचा टाक जागच्या जागी आहे. सून समई घासून देते, पूजा सासू करते. सुनेच्या गळ्यात मंगळसूत्र तसंच आहे. सासू काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत सांगतो : "रविवारी सकाळच्याला जाती, दहाला घरी येती. सैपाक करूनच जाती. मंग काय बदाललं?"

सगळं गोडीगुलाबीनं झालं असंही नाही. सासू दोन महिने सुनेशी बोलत नव्हती. सत्यनारायणाला जोडीनं बसायचं कुणी, यावरून घरात रडारड झाली. शेवटी नवरा आणि त्याची आई बसले. चैत्रात कुलदैवताला सगळे गेले, सून पोरासोबत गेली, पण गाभाऱ्यात गेली नाही. उपवासकाळातल्या शुक्रवारी ती मटणाला शिवत नाही, सासूचे सोमवार आणि चतुर्थ्या वेगळ्या. आता कुणाचा उपवास कधी, हे नवऱ्याला लक्षात ठेवावं लागतं. हे सगळं त्या तिघांनी आपसात भांडून, रुसून, समजून घेऊन बसवलं. प्रत्येक घरात काही ना काही असंच बसवावं लागतं.

मग मोडलं काय? मोडलं ते उंबऱ्याच्या बाहेर. भावकीतल्या लग्नपत्रिकेतून नवऱ्याचं नाव गळलं. सासूला हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. बचत गटाच्या बैठकीला 'काही दिवस येऊ नको' असा निरोप आला. पोराला वर्गात नवीन नाव पडलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. धर्म बदलला एका बाईनं. नवऱ्यानं काय बदललं? सत्तरीच्या सासूनं काय बदललं? आणि तरी म्हणायचं, घर चर्चनं फोडलं!

'फसवून नेलं' असं म्हणणाऱ्यांसाठी थोडी माहिती. कॅथलिक होणं हे एका दुपारी उरकण्याचं काम नाही. मोठ्या माणसाला महिनोन्महिने शिकवणीला जावं लागतं, आणि स्नानसंस्कार बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या विधीत होतो. ही बाई जवळपास वर्षभर जात होती. तिला मोटरसायकलवर सोडायला नवराच जायचा. वर्षभर नवऱ्याच्या गाडीवरून फसायला कोण जातं? तिनं हे का केलं, तेही तिनं मला सांगितलं. मी ते लिहिणार नाही. तुम्ही वारीला का जाता, याचं कारण तुम्हाला गावापुढं द्यावं लागत नाही. तिनं का द्यावं?

'पैशासाठी केलं' हा दुसरा आरोप. आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती झालेली बहुतेक घरं मूळची दलित. त्यांचा हिशोब मांडून बघा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती आधी फक्त हिंदूंना होत्या, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती माणसाला आजही नाहीत. म्हणजे दलित माणूस ख्रिस्ती झाला की त्याची सवलत जाते, गावच्या नजरेतली जात मात्र जात नाही. हा फायद्याचा सौदा म्हणायचा का? कुणी खरंच पैसे देऊन, धमकावून धर्म बदलवत असेल तर पुरावा द्या, तक्रार करा, मी बातमी पहिल्या पानावर घेतो. पण फॉरवर्ड केलेला फोटो म्हणजे पुरावा नव्हे.

आता मुद्द्याचं बोलू. जमिनीचं.

या बाईचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले. रस्त्याकडेची चार एकर बागायत. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. फेब्रुवारीत भाऊ हक्कसोडपत्र घेऊन आले. तिनं सही केली नाही. तोवर 'ताई चर्चला जाते' हे भावांना वर्षभर माहीत होतं आणि कुणाची काही हरकत नव्हती. सही नाकारल्यावर धर्म आठवला. "तू आता आपल्यातली नाहीस, तुझा हिस्सा संपला" असं सांगण्यात आलं. एप्रिलमध्ये मेसेज सुरू झाला. मेसेज कुणी केला, मी आरोप करत नाही. घटनांचा क्रम फक्त सांगतो.

आणि कायदा काय आहे, तोही सांगतो. धर्म बदलला म्हणून मुलगी बापाच्या वारसाहक्कातून बाद होत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २६ मध्ये अडचण आहे ती धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांची. ती मुलं वारसाहक्क खुला होताना हिंदू नसतील, तर त्यांना हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही. या बाईचा पोरगा तर आधीचा आहे. तसंच लग्नाचं. जोडीदारानं धर्म बदलला तर दुसऱ्याला घटस्फोट मागता येतो, पण मागितला तरच. लग्न आपोआप मोडत नाही. इथं नवऱ्यानं मागितलेला नाही. आणि चर्चही तिला नवरा सोड म्हणत नाही. जोडीदार एकत्र राहायला राजी असेल तर त्याला सोडू नये, असं संत पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातच सांगितलेलं आहे.

कडक धर्मांतरबंदी कायदा हाच उपाय, असं म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी उत्तर प्रदेशचा २०२१ चा कायदा बघावा. त्यात आई-वडील, भाऊ-बहीण, रक्ताचे आणि लग्नाचे नातेवाईक यांना तक्रारीचा अधिकार दिला. २०२४ च्या दुरुस्तीनं तो कुणालाही दिला. आता या बाईच्या भावांच्या हातात असा कायदा द्या आणि चार एकर बागायतीचं काय होईल ते मनाशी ठरवा.

एकाच घरात दोन धर्म ही गोष्ट नगर जिल्ह्याला नवीन नाही. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. ते प्रोटेस्टंट, पण प्रश्न हाच होता. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग स्वतःचा धर्म न सोडता नवऱ्याकडे परत आल्या. १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. पुढं त्याच ख्रिस्ती घरात बालकवी ठोंबरे येऊन राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखं सांभाळलं. 'स्मृतिचित्रे' आपण अभिमानानं मराठीतलं श्रेष्ठ पुस्तक म्हणून मिरवतो. मग तेच आपल्या भावकीत घडलं की पोटात का दुखतं?

दुसरं बघा. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला कोण जातं? फक्त ख्रिस्ती जातात का? मेणबत्ती लावायला, नवस फेडायला सगळ्या जातीधर्माची माणसं जातात. हा मेसेज पुढं ढकलणाऱ्यांपैकी दोघांना मी स्वतः तिथं रांगेत पाहिलंय. नवसाला पावणारी माउली चालते, तिची भक्ती करणारी सून चालत नाही.

चर्चवाल्यांनीही फार खूश होऊ नये. नव्यानं आलेल्या माणसाला 'मूळचे कोण?' हा प्रश्न चर्चच्या आवारातही विचारला जातो, तिलाही विचारला गेला. जातिभेद ख्रिस्तसभेतही आहे, हे कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं २०१६ च्या आपल्या दलितविषयक धोरणात मान्य केलंय. मान्य करून दहा पावलं चालायला हवी होती, चारही झाली नाहीत. शिवाय एक जुन्या भाविक बाई तिला सांगत होत्या, देवघर काढून टाक, पोराचाही स्नानसंस्कार लवकर उरकून घे. का? ते देवघर सासूचं आहे. पोराला बाप आहे. बाईच्या श्रद्धेसाठी जो मोकळेपणा आपण मागतो, तोच सासूला आणि पोराच्या बापाला द्यायला हवा. फादरांनी त्या बाईंना गप्प केलं, ते बरं केलं.

आता गावाला सांगणं. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे, २०१६ चा, २०१७ पासून लागू. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नवरा आणि सासू अजून तुमच्याच भावकीतले आहेत. त्यांना कार्यातून तोडायचं ठरवून केलं असेल, तर हा कायदा तुम्हाला कामाला लागू शकतो. पोलीस पाटलांनी हे एकदा वाचून घ्यावं. बचत गटाच्या ताईंनी बैठकीचा निरोप परत पाठवावा. शाळेच्या गुरुजींनी पोराचं ते नाव वर्गातून घालवावं, हे एका तासाचं काम आहे. आणि भावांनी ताईचा हिस्सा मोजून द्यावा. जमिनीचं भांडण असेल तर जमिनीचं भांडा, कोर्ट आहे, तहसील आहे. त्यात येशूला आणि खंडोबाला ओढू नका.

ज्यांनी पोराचा फोटो पुढं पाठवला त्यांनी निदान तो आजच डिलीट करावा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये मुद्दा मांडा, उत्तर देईन. शिवीगाळ केली किंवा त्या घरातल्या कुणाचं नाव लिहिलं तर कमेंट उडवली जाईल.