‘बघतो’ म्हणजे नक्की काय हो?

जर्मन माणूस तोंडावर ‘नाही’ म्हणतो. चिनी माणूस ‘अभ्यास करू’ म्हणतो. दोघंही आपापल्या परीनं समोरच्याला मानच देत असतात. मग बिनसतं कुठे?

समजा, मिटिंगमध्ये तुम्ही एक प्रस्ताव मांडला. समोरचा जर्मन म्हणाला, ‘तिसऱ्या पानावरचा हिशेब चुकलाय. हे असं चालणार नाही.’ समोर चिनी असता तर हसून म्हणाला असता, ‘छान आहे. आम्ही जरा अभ्यास करतो.’

आता सांगा, काम कुठे होण्याची शक्यता जास्त?

बहुतेक वेळा जर्मन माणसाकडे! त्यानं चूक दाखवली, म्हणजे ती दुरुस्त करून परत या, असं त्याचं म्हणणं. आणि चिनी साहेबांचं ‘यान्च्यू यान्च्यू’, म्हणजे ‘अभ्यास करू’? कांदेपोहे झाल्यावर ‘घरी बोलून कळवतो’ म्हणतात ना, अनेकदा तसंच.

एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं १९७६ मध्ये हा फरक मांडला होता. काही समाजांत सगळा अर्थ शब्दांत असतो, काहींत तो शब्दांच्या आजूबाजूला असतो. यांग लिऊ या डिझायनरनं तेच चित्रांत दाखवलं. बीजिंगमध्ये जन्मलेली यांग चौदाव्या वर्षी जर्मनीत गेली. २००७ च्या तिच्या पुस्तकात ‘मत मांडणं’ याची दोन चित्रं आहेत. जर्मन बाजूला सरळ रेष, चिनी बाजूला वळणावळणाची. बास, एवढंच. पण बघताक्षणी पटतं.

मान म्हणजे काय?

जर्मन कामकाजात टीका कामावर असते, माणसावर नाही. स्टुटगार्टकडच्या श्वाबियात तर एक म्हणच आहे : रागावलो नाही, म्हणजे कौतुकच समजा! तुमचा वेळ वाया न घालवणं, तुम्हाला अंधारात न ठेवणं, हा तिथला मान. म्हणून मिटिंगची विषयपत्रिका आधी येते, नऊ म्हणजे नऊलाच सुरुवात होते आणि करारात बारीकसारीक सगळं लिहिलेलं असतं.

चीनमध्ये महत्त्वाचं ‘म्यान्त्झ’. म्हणजे चारचौघांतली पत. साहेबांची चूक सगळ्यांसमोर काढली, तर तुम्ही बरोबर असूनही हरलात. खरं बोलणं होतं ते जेवणाच्या टेबलावर. तिथेही कोण कुठे बसणार हे ठरलेलं. ग्लासला ग्लास भिडवताना धाकट्यानं आपला ग्लास जरा खाली धरायचा. आणि करारावर सही? ती नात्याची सुरुवात. परिस्थिती बदलली की पुन्हा बोलू, हे गृहीतच. जर्मनांना ही पलटी वाटते. चिन्यांना जर्मनांचा कागदी हट्ट म्हणजे अविश्वास वाटतो.

अर्थात, प्रत्येक माणूस या साच्यात बसत नाही. बर्लिनच्या स्टार्टअपमधली मोकळीक आणि शेन्झेनच्या तरुण इंजिनीअरचा रोखठोकपणा या नियमांत मावत नाही.

शिकायचं कोणी?

जानेवारी २०१२. काँक्रीट पंप बनवणारी पुट्झमाइस्टर ही जर्मन कंपनी चीनच्या सॅनीनं विकत घेतल्याची बातमी आली. आइश्टालच्या कारखान्यासमोर शेकडो कामगार जमले. नोकरीची भीती तर होतीच, पण मोठा राग होता तो ‘आम्हाला आधी सांगितलं का नाही?’ याचा. पुढे नोकऱ्यांची हमी मिळाली, तीही करार करून. म्हणजे चिनी मालकानं जर्मन रीत पाळली.

आता उलटं बघा. फोक्सवॅगननं १९८४ मध्ये शांघायमध्ये भागीदारीचा करार केला, तेव्हा गाड्या कशा बनवायच्या हे शिकवणारे जर्मन होते. २०२३ मध्ये त्याच फोक्सवॅगननं एक्सपेंग या तरुण चिनी कंपनीत सुमारे ७० कोटी डॉलर गुंतवायचं ठरवलं. कशासाठी? इलेक्ट्रिक गाड्यांचं तंत्र आणि वेग मिळवण्यासाठी. आधी सगळं तपासून मगच पुढे जाणाऱ्या जर्मनांना आता ‘आधी बाजारात आणू, मग सुधारू’ म्हणणाऱ्यांशी जुळवून घ्यावं लागतंय.

म्हणजे शिष्टाचार नुसते संस्कारातून येत नाहीत. कोणी कोणाची रीत शिकायची, हे ज्याच्या हातात पैसा आणि तंत्रज्ञान आहे तो ठरवतो. आणि ते हात बदलतात.

आपला काय संबंध?

आहे ना! फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि सॅनी, तिघंही चाकणमध्ये आहेत. हायर रांजणगावात, पुट्झमाइस्टर गोव्यात. कँपसमधून बाहेर पडताना तुमचा पहिला साहेब यातला कोणीही असू शकतो.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा :

- जर्मन साहेबांनी चूक काढली तर खट्टू होऊ नका. दुरुस्त करून पाठवा. आणि ‘हो, होईल’ म्हणण्याआधी तारीख नक्की करा.
- चिनी सहकाऱ्याचं ‘हो’ हे ‘ऐकलं’ या अर्थाचंही असू शकतं. मतभेद असेल तर एकट्यात बोला. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्या-घ्या.
- भेट म्हणून चिनी माणसाला घड्याळ कधीच देऊ नका. ‘घड्याळ देणं’ आणि ‘अखेरचा निरोप देणं’ यांचा उच्चार तिकडे सारखाच आहे!

आपल्याला एक सोय आहे. पुणेरी पाटीही आपलीच आणि ‘बघू, करू’सुद्धा आपलंच. दोन्ही भाषा कानावरून गेलेल्या आहेत. समोरचा कोणती बोलतोय, तेवढं ओळखायला शिका.