वाफेचा पारा आणि धातूचा कस

२३ जुलै २०२४ रोजी अर्थसंकल्प मांडताना केंद्रीय अर्थमंत्र्यांनी ‘अॅडव्हान्स्ड अल्ट्रा सुपरक्रिटिकल’ अशा लांबलचक नावाच्या तंत्रावर चालणाऱ्या ८०० मेगावॅटच्या वीजकेंद्राची घोषणा केली. एनटीपीसी आणि भेल यांनी मिळून ते उभारावयाचे आहे. करसवलतींच्या चर्चेत ही घोषणा मागे पडली. परंतु तिचे महत्त्व त्या सवलतींहून अधिक टिकाऊ आहे, असे आम्हांस वाटते.

बॉयलरातील पाण्यावरून निघालेली वाफ नळ्यांतून फिरवून पुन्हा तापविली म्हणजे ती कोरडी, अतितप्त होते. तिच्या अंगी अधिक कार्यशक्ती येते आणि टर्बाइनची पाती जलबिंदूंच्या माऱ्यापासून बचावतात. आपल्या साखर कारखान्यांना हे नवीन नाही. बगॅस जाळून वीज निर्माण करणाऱ्या आधुनिक कारखान्यांत वाफ ५४० अंशांपर्यंत तापते. तिच्यावर प्रथम टर्बाइन फिरते आणि मग उतरलेल्या वाफेवर उसाचा रस आटविला जातो. नियोजित केंद्रात वाफेचा पारा ७०० अंशांच्या वर न्यावयाचा आहे. जुन्या धाटणीच्या केंद्रांत कोळशातील उष्णतेचा सुमारे ३८ टक्के भाग विजेच्या रूपाने हाती येतो. येथे ४६ टक्क्यांचे लक्ष्य आहे. म्हणजे तेवढ्याच विजेसाठी सुमारे एक षष्ठांश कोळसा वाचेल आणि धूरही त्याच मानाने घटेल.

संकल्प स्तुत्य आहे. तथापि आकड्यांनी दिपून जाणे बरे नव्हे. एवढ्या उष्णतेत पोलाद वितळत नाही. पण दाबाखाली वर्षानुवर्षे तिळातिळाने ताणत जाते आणि अखेर नळी फुटते. अमेरिकेतील एडिस्टोन येथे १९६० च्या सुमारास ६४९ अंशांच्या वाफेचे केंद्र उभे राहिले. पुढे धातूच्या तक्रारींमुळे त्याचे तपमान ६१० अंशांच्या आसपास उतरवावे लागले आणि त्यानंतर ते दीर्घकाळ चालले. ती नामुष्की नव्हती, शहाणपण होते.

आपल्याकडे २०१६ मध्ये १,५५४ कोटी रुपये खर्चाचा संशोधन प्रकल्प मंजूर झाला आणि निकेलच्या मिश्रधातूच्या नळ्या देशातच तयार झाल्या. ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु नळी तयार होणे वेगळे आणि ती, तिच्या प्रत्येक सांध्यासह, पंचवीस वर्षे टिकणे वेगळे. तो सांधा जोडणारा वेल्डर आणि बॉयलरवर रात्रपाळी करणारा कामगार यांची तयारी कोणत्या प्रयोगशाळेत होणार? १ नोव्हेंबर २०१७ रोजी उंचाहारच्या वीजकेंद्रातील बॉयलर दुर्घटनेत चाळीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली. तिची कारणे निराळी होती. पण बॉयलरापुढे बेसावधपणाची किंमत कोण मोजतो, हे तिने दाखविले.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. धातूच्या दीर्घकालीन चाचण्यांचे निष्कर्ष लोकांपुढे ठेवावेत, कारागिरांच्या शिक्षणाची तरतूद आधी करावी आणि तपासणीत तडजोड करू नये. उद्घाटनाच्या दिवशी पारा किती चढला, यावर या योजनेचे यश ठरणार नाही. पंचवीस वर्षांनी त्या नळ्या शाबूत आहेत की नाहीत, यावर ते ठरेल.