भूकंप आणि आपले पूल

आमचे हैदराबाद कठीण खडकावर वसलेले. म्हणून भूकंपाचे भय इतरांस, आम्हांस नव्हे, असे आम्ही मानीत आलो. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने हा भ्रम दूर केला. तो भागही त्या वेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याचाच गणला जात होता!

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छला जोडणाऱ्या महामार्गावरील सूरजबारीच्या पुलाच्या तुळया जागेवरून सरकल्या. मदतीची निकड असताना मदतीची वाटच अडली. हादऱ्यात खांब उभा राहिला, तरी त्यावर टेकलेली तुळई सरकते. टेकण्याची जागा अरुंद असेल, तर ती खाली कोसळते. ही जागा रुंद ठेवणे, तुळईस अटकाव बसविणे आणि खांबातील उभ्या सळयांना जवळजवळ कड्या घालणे, हेच उपाय होत.

मेहदीपट्टणम ते आरामघर हा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा उड्डाणमार्ग २००९ साली खुला झाला. अशा पुलांचा आम्हांस अभिमान आहे. पण नव्या पुलांच्या उद्घाटनाइतकाच उत्साह जुन्या पुलांच्या तपासणीतही दिसावा, असे आमचे नम्र मत आहे. तहान लागल्यावर विहीर खणण्यात शहाणपण नाही.