राखेवरील पावले

गेल्या पंधरवड्यात एका मातेचे पत्र आम्हांस आले. तिचा दहावीतील मुलगा रात्री तेर्स आटोपली की पुस्तक घेऊन अंथरुणात शिरतो. पुस्तके कसली, तर खून, दरोडे, कवट्या आणि ओसाड वाडे यांची. वडिलांनी संतापून त्यांतील दोन चुलीत घातली. तेव्हापासून मुलगा जेवणापुरता घरात दिसतो. बोलत कोणाशीच नाही. ख्रिस्ती घरात असले वाचन चालावे काय, हे आम्ही स्पष्ट लिहावे, अशी त्या बाईंची विनंती आहे.

स्पष्टच लिहावयाचे तर पुस्तके जाळली हे बरे झाले नाही.

आज संध्याकाळी त्या मुलाच्याच हाती पवित्र शास्त्र द्यावे आणि दानीएलाच्या ग्रंथाचे १३ वा व १४ वा हे अध्याय मोठ्याने वाचावयास सांगावे. (प्रॉटेस्टंट बंधूंच्या नेहमीच्या प्रतीत ते आढळावयाचे नाहीत, आपल्या प्रतीत आहेत.) सुसान्नेवर दोन वडीलधारे न्यायाधीश व्यभिचाराचा खोटा आळ घेतात. तरुण दानीएल दोघांना वेगळे करून एकच प्रश्न विचारतो : कोणत्या झाडाखाली पाहिलेस? दोघे दोन झाडांची नावे सांगतात आणि एका निरपराध स्त्रीचे प्राण वाचतात.

पुढील अध्याय तर त्याहून सरस. बेल नावाच्या मूर्तीला रोज चाळीस मेंढरे, पीठ आणि द्राक्षारस लागे, आणि सकाळी सारे फस्त झालेले असे. राजा म्हणे, देव जेवतो. दानीएलाने राजाच्या देखत देवळाच्या जमिनीवर राख पसरविली व दाराला राजाची मोहोर लावविली. सकाळी मोहोर शाबूत, अन्न नाहीसे! राजाने आनंदाने जयघोष केला. दानीएल हसला आणि म्हणाला, जमीन पाहा. राखेत पुरुषांची, बायकांची, लेकरांची पावले उमटली होती. पुजारी रात्री चोरवाटेने येऊन सहकुटुंब जेवून जात. बेकर स्ट्रीटवरील त्या इंग्रज गुप्तहेराने याहून निराळे काय केले?

चेस्टरटन या इंग्रज लेखकाने फादर ब्राउन नावाचा धर्मगुरूच गुप्तहेर केला. त्या कथांचा पहिला संग्रह १९११ चा. लेखक स्वतः कॅथलिक झाला तो १९२२ साली. या फादरांना गुन्हेगाराचे मन उमगते, कारण माणसांची खरी पापे त्यांनी पापनिवेदनाच्या खुर्चीत बसून ऐकलेली असतात. फ्लँबो हा त्यांच्या कथांतील अट्टल चोर पुढे पश्चात्ताप पावून त्यांचा मित्र होतो. ज्या रहस्यकथेत चोरालाही परतीची वाट असते, ती मुलाच्या हातून हिसकावण्यात काय पुण्य?

सर्वच पुस्तके सारखी, असे मात्र आम्ही म्हणत नाही. दुसऱ्याच्या यातना चवीने रंगविणारे पुस्तक आम्हीही बाजूला ठेवू, मग त्यावर 'सामाजिक कादंबरी' असे का छापलेले असेना. निषिद्ध ग्रंथांची रोमची यादी १९६६ साली बंद झाली. तेव्हापासून ही निवड आईबापांच्या विवेकावर अधिकच येऊन पडली आहे, आणि न वाचता विवेक करता येत नाही. बाबुराव अर्नाळकरांचा 'झुंजार' वडिलांनी आधी स्वतः वाचावा. रात्र कशी सरली हे त्यांनाही कळणार नाही.

आता लिहिणाऱ्यांविषयी. आमच्या टेबलावर येणाऱ्या दहा कथांपैकी आठांत दारुडा बाप, तापाने फणफणलेले मूल, नोव्हेना, आणि शेवटच्या परिच्छेदात सुटलेली दारू असते. विषय खोटा नाही. पण तिसऱ्या ओळीलाच शेवट कळतो. रहस्यकथा लिहून पाहा म्हणजे हात सुधारेल. तिचा शेवट लेखकाला आधी ठाऊक असावा लागतो आणि खूण वाचकाच्या डोळ्यांसमोर मांडावी लागते. राख राजाच्या देखतच पसरली होती; मोहोर शाबूत पाहून तो ती विसरला, एवढेच. नवा प्रकार हाती धरण्यास भिऊ नये. बाबा पद्मनजी हे बेळगावचे, आणि ख्रिस्ती. विधवांचे दुःख सांगण्यासाठी त्यांनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिले, तेव्हा मराठीत कादंबरीची वाट मळलेली नव्हती. जयंत नारळीकरांनी आपली विज्ञानकथा १९७४ साली स्पर्धेला धाडली ती टोपणनावाने, नावाचे वजन पडू नये म्हणून.

हे सारे आम्ही शहाणपणाने लिहीत आहोत, पण आमच्याही हातून एक पुस्तक जळाले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शाळकरी मुलीने आम्हांकडे भूतकथा पाठविली होती. मेलेली आजी रोज तिन्हीसांजेला खुराड्यापाशी येऊन कोंबड्या मोजते, कारण शेवटच्या रात्री तिच्या मोजणीत एक कमी पडली होती. 'साप्ताहिकास शोभणारी नाही' असा शेरा मारून आम्ही ती परत केली. शौल राजा एन-दोरच्या बाईकडे रात्री वेष पालटून गेला, तो अध्याय त्या क्षणी आम्हांस आठवला नाही. मुलीने पुन्हा काही पाठविले नाही.

आमच्या मातेस विनंती की, ती दोन पुस्तके मुलाला नवी आणून द्यावीत, आणि ती वडिलांच्या हातून द्यावीत. आणि कोंबड्या मोजणाऱ्या आजीची ती वही जिच्याकडे अजून असेल, तिने ती पाठवावी. टपालखर्च आम्ही देऊ.